हरणाऱ्याला पहिली निवड

४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल स्पर्धेचा भारतातला पहिला सामना झाला. हंगामापूर्वीचा सराव सामना होता, तरी रंगला चांगलाच. इंडियाना पेसर्सनी सॅक्रामेंटो किंग्जना जादा वेळेत १३२-१३१ असं हरवलं. प्रेक्षागृहात बहुतेक शाळकरी मुलं होती, सुमारे तीन हजार. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. एनबीए संघाची मुख्य मालकी मिळवणारे ते पहिले भारतीय वंशाचे उद्योजक. त्यामुळे मुंबईकरांना हा संघ थोडा आपला वाटला, तर त्यात नवल नव्हतं.

त्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल माहीत नाही, पण किंग्जना तेव्हा सलग तेरा हंगाम बादफेरी गाठता आलेली नव्हती. पुढे हा आकडा सोळा हंगामांवर गेला. २००६ ते २०२२ एवढा लांब दुष्काळ एनबीएच्या इतिहासात दुसऱ्या कुठल्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही. आणि हे अशा स्पर्धेत घडलं, जिथे मागे पडलेल्या संघाला वर येण्यासाठी नियमानेच हात दिला जातो. मग एखादा संघ सोळा वर्षं तळाशी कसा राहतो? हे समजून घेतलं, तर संघ कसे बांधले जातात आणि कसे मोडतात, हेही कळतं.

ड्राफ्ट आणि लॉटरी

आयपीएलचा लिलाव आपल्या अंगवळणी पडला आहे. तिथे सगळ्या संघांच्या हातात सारखीच थैली असते आणि खेळाडूसाठी बोली लागते. एनबीएमध्ये नवे खेळाडू येतात ते ड्राफ्टमधून, आणि तिथे बोली नसते, पाळी असते. दरवर्षी दोन फेऱ्यांमध्ये संघ आपापल्या पाळीने एकेक तरुण खेळाडू निवडतात. ज्याने निवडलं, त्याच्याशीच खेळाडूने करार करायचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार कितव्या क्रमांकावर निवड झाली यावरून ठरतो, आणि करार चार वर्षांपर्यंत चालू शकतो. म्हणजे उद्याचा महान खेळाडू संघाला काही वर्षं तुलनेने स्वस्तात मिळतो.

पाळीचा क्रम साधारण उलटा असतो. जो जास्त हरला, तो आधी निवडणार. पण अगदी सरळ उलटा क्रम ठेवला, तर पहिल्या पाळीसाठी संघ मुद्दाम हरतील. तशा संशयावरूनच १९८५मध्ये लॉटरी आली. बादफेरी न गाठलेले चौदा संघ तिच्यात असतात. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू फिरतात आणि त्यातले चार बाहेर काढतात. त्यांच्या १००१ जोडण्या होतात. एक बाजूला ठेवून उरलेल्या १००० संघांना वाटून दिलेल्या असतात. पूर्वी सगळ्यात वाईट संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. २०१९पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के शक्यता देण्यात आली, म्हणजे शेवटच्या क्रमांकासाठी धावण्यात फायदा उरू नये.

दुसरा मार्ग ट्रेडचा. संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. पैशाने सरळ खरेदी फारशी होत नाही, आणि पगाराच्या मर्यादेमुळे देण्याघेण्यातले पगार बऱ्यापैकी जुळवावे लागतात. खेळाडूंबरोबर पुढच्या वर्षांच्या निवडीचे हक्कही देता येतात, आणि खरी मेख तिथेच आहे. पाच वर्षांनंतरचा हक्क देताना आपण काय देतो आहोत, हे कुणालाच दिसत नाही. तो मुलगा तेव्हा शाळेत असतो. ज्याचा चेहरा दिसत नाही ते देऊन टाकणं सोपं वाटतं. क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असे हक्क इतके उधळले, की सलग दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊ नयेत, असा नियम करावा लागला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

एकदा जमलं होतं

किंग्जना हे सगळं जमतच नव्हतं, असं मुळीच नाही. १९९८मध्ये त्यांनी आपला सर्वांत लोकप्रिय खेळाडू मिच रिचमंड वॉशिंग्टनला दिला आणि तरुण क्रिस वेबर घेतला. सर्बियाचा अनुभवी व्लादे दिवाच करारावर आला. ड्राफ्टमधून सातव्या क्रमांकावर जेसन विल्यम्स मिळाला. १९९६मध्ये चौदाव्या क्रमांकावर निवडलेला पेजा स्टोयाकोविच दोन वर्षं युरोपात खेळून आला. त्याची वाट पाहण्याचा धीर संघाने दाखवला होता. प्रशिक्षक रिक ॲडेलमन १९९८मध्येच आले आणि आठ हंगाम टिकले. २००१मध्ये विल्यम्सच्या बदल्यात जास्त स्थिर खेळणारा माइक बिबी आणला. २००१-०२मध्ये या संघाने ८२पैकी ६१ सामने जिंकले आणि पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सना सातव्या सामन्यापर्यंत नेलं.

इथे ड्राफ्ट आणि ट्रेड दोन्ही आहेत, पण प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीला धरून आहे. कोणत्या प्रकारचा खेळ खेळायचा हे ठरलेलं होतं. चेंडू झटपट फिरवणारे, एकमेकांना वाव देणारे खेळाडू गोळा होत गेले. २००६मध्ये ॲडेलमन गेले आणि तो धागा तुटला. पुढच्या सोळा हंगामांत, हंगामी धरून, अकरा प्रशिक्षक झाले.

चार आणि सात

दुष्काळाच्या वर्षांतल्या निवडींची यादी किंग्जचे चाहते डोळे मिटून म्हणतात. २००९मध्ये चौथ्या क्रमांकावर टायरिक इव्हान्स, सातव्यावर गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला स्टीफन करी. २०११मध्ये दहाव्यावर जिमर फ्रेडेट, अकराव्यावर क्ले थॉम्पसन, पंधराव्यावर कवाय लेनर्ड. २०१२मध्ये पाचव्यावर थॉमस रॉबिन्सन, सहाव्यावर डेमियन लिलार्ड.

ही यादी वाचून निवड करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. इव्हान्सला पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. दर सामन्यात सरासरी २० गुण, ५ रिबाउंड आणि ५ असिस्ट ही कामगिरी नवोदित म्हणून त्याच्याआधी फक्त ऑस्कर रॉबर्टसन, मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स यांनी केली होती. २०१०मध्ये कुणी विचारलं असतं, तर किंग्जची निवड बरोबरच ठरली असती. करी तर पुढच्या दोन हंगामांत घोट्याच्या दुखापतींनी बेजार होता.

फरक पडला तो नंतर. वॉरियर्सनी करीला धरून ठेवलं. मार्च २०१२मध्ये त्यांनी सर्वाधिक गुण मिळवणारा मॉन्टा एलिस मिलवॉकीला दिला आणि संघ करीच्या हाती सोपवला. २०११मध्ये थॉम्पसन आला होता, २०१२च्या ड्राफ्टमध्ये ३५व्या क्रमांकावर ड्रेमंड ग्रीन मिळाला, आणि २०१५मध्ये ते विजेते झाले. सॅक्रामेंटोत इव्हान्स चार हंगामांत निघून गेला. ड्राफ्टमधली निवड चुकते हे खरं, पण पुष्कळदा ती चुकवली जाते. २०१३मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेल्या बेन मॅक्लेमोरला चार हंगामांत चार प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळावं लागलं. वीस वर्षांच्या मुलाला प्रत्येक नवा प्रशिक्षक नवा खेळ शिकवणार, आधीचा विसरायला सांगणार. त्यात कोण घडेल? दुसरीकडे, २०११मध्ये साठाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर किंग्जनी आयझेया थॉमसला हेरलं. ती निवड सोन्यासारखी होती. तीन वर्षांनी त्यांनी त्याला जाऊ दिलं, आणि तो बॉस्टनकडून ऑलस्टार झाला.

रणदिवे आले तेव्हा

२०१३पर्यंत संघ सॅक्रामेंटोत राहील की नाही, हाच प्रश्न होता. आधीच्या मालकांनी तो सिॲटलच्या गटाला विकायचं ठरवलं होतं. मे २०१३मध्ये एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं, आणि रणदिवे यांच्या गटाने ५३ कोटी ४० लाख डॉलरच्या मूल्यांकनावर संघ घेतला. टिबको या सॉफ्टवेअर कंपनीचे ते संस्थापक, आणि त्याआधी वॉरियर्सचेच सहमालक. आपल्या मुलीच्या शाळकरी संघाला त्यांनी कसं शिकवलं, यावर माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलं होतं. शहराचा संघ शहरात राहिला आणि २०१६मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं, ही त्यांची मोठी कामगिरी आहे, आणि ती आधी नोंदवली पाहिजे.

पण मैदानावर घाई झाली. प्रशिक्षक माइक मलोन यांनी डीमार्कस कझिन्ससारख्या तापट आणि विलक्षण गुणी खेळाडूशी सूर जुळवला होता. २०१४-१५मध्ये सुरुवात बरी झाली, मग कझिन्स आजारी पडला, संघ काही सामने हरला आणि डिसेंबरमध्ये मलोन यांना काढलं. त्या एका हंगामात संघाला तीन प्रशिक्षक झाले. मलोन यांनी पुढे डेन्व्हरला २०२३चं विजेतेपद मिळवून दिलं.

जुलै २०१५ची ट्रेड तर या विषयाच्या अभ्यासकांनी पाठ करावी अशी आहे. नामवंत खेळाडू करारावर घेण्यासाठी किंग्जना पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. ती करण्यासाठी त्यांनी फिलाडेल्फियाला दोन महागडे खेळाडू, वर्षभरापूर्वी आठव्या क्रमांकावर निवडलेला निक स्टॉस्कस, पहिल्या फेरीचा एक भावी हक्क, आणि २०१६ व २०१७मध्ये पाळी बदलून घेण्याची मुभा दिली. बदल्यात युरोपातल्या दोन खेळाडूंचे हक्क आले, आणि ते दोघेही किंग्जकडून कधी खेळले नाहीत. मोकळ्या झालेल्या पैशातून राजॉन रोंडोसारखे अनुभवी खेळाडू आले. संघ तरीही बादफेरीपर्यंत पोहोचला नाही.

किंमत पुढे चुकवावी लागली. २०१७च्या लॉटरीत किंग्जना तिसरी पाळी लागली, पण करारानुसार ती फिलाडेल्फियाच्या पाचव्या पाळीशी बदलली. पहिल्या फेरीचा २०१९चा हक्कही गेला. फिलाडेल्फिया त्या काळात जाणूनबुजून हरत भविष्य साठवत होती, २०१५-१६मध्ये तर ८२पैकी फक्त १० सामने जिंकली होती. त्या टोकाच्या मार्गाचं समर्थन मी करणार नाही, कारण पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला खरा प्रयत्न दिसलाच पाहिजे. पण त्या व्यवहारात काय द्यायचं आणि काय घ्यायचं हे एकाच बाजूला ठाऊक होतं.

जो कमी आहे तो, की जो मोठा आहे तो?

फेब्रुवारी २०१७मध्ये कझिन्सला न्यू ऑर्लिन्सला देऊन किंग्जनी शेवटी नव्याने सुरुवात केली. बडी हील्ड आला, निवडीचे हक्क आले. त्याच वर्षी पाचव्या पाळीवर मिळालेला डीॲरन फॉक्स खरोखरच हिरा निघाला. २०१८मध्ये लॉटरीनेही साथ दिली, आणि सातव्या स्थानाच्या आसपास असलेल्या किंग्जना दुसरी पाळी लागली.

समोर लुका डॉन्चिच होता. एकोणीस वर्षांचा, आणि रेआल माद्रिदकडून खेळताना युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. किंग्जनी मार्विन बॅगलीला घेतलं. चेंडू हाताळायला फॉक्स होताच, उंच खेळाडूची जागा रिकामी होती, असा युक्तिवाद तेव्हा मांडला गेला. डॉन्चिचने २०२४मध्ये डॅलसला अंतिम फेरीत नेलं. बॅगलीला किंग्जनी २०२२मध्ये दुसरीकडे धाडलं.

अशी गोष्ट आपल्याकडेही घडलेली आहे. २००८मध्ये आयपीएलच्या पहिल्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या विश्वविजेत्या खेळाडूंसाठी लिलावाऐवजी ड्राफ्टच झाला. फलंदाज पुरेसे आहेत म्हणून दिल्लीने आपल्याच शहरातला विराट कोहली सोडून डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला निवडलं. कोहली बंगळुरूला गेला. दोन्ही ठिकाणी निवड आजच्या संघातली पोकळी पाहून झाली. पण ड्राफ्टमधला मुलगा बहरात येईपर्यंत आजचा संघ शिल्लकच नसतो. दुबळ्या संघाने तर पोकळीचा विचार मुळीच करू नये, कारण त्याच्याकडे सगळीकडेच पोकळी असते. त्याने सर्वांत मोठी प्रतिभा उचलावी आणि तिच्याभोवती संघ जमवावा.

मला यात आमच्या मुंबईतल्या चारकोपची घडण आठवते. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने म्हाडाने इथे तयार घरं दिली नाहीत, तर रस्ते, पाणी आणि मलनिःसारणाच्या सोयी असलेले आखलेले भूखंड दिले. कुटुंबांनी सोसायट्या केल्या, आधी एखादी खोली बांधली, मग ऐपत येईल तसा वरचा मजला चढवला. आज भरलेली वस्ती दिसते ती पंचवीस-तीस वर्षांच्या अशा चढत्या बांधकामाची आहे. ड्राफ्टची निवड म्हणजे असा भूखंडच. हातात येते ती शक्यता. दर दोन वर्षांनी पाया उकरणाऱ्याचं घर कधीच उभं राहत नाही, भूखंड कितीही मोक्याचा असला तरी.

दुष्काळ संपला

२०२०मध्ये किंग्जच्या व्यवस्थापनाची सूत्रं मॉन्टी मॅकनेअर यांच्याकडे आली. त्यांनी बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टनला निवडलं, आणि काही महिन्यांतच तो त्या वर्षीच्या उत्तम निवडींपैकी एक ठरला. फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांनी हॅलिबर्टन आणि हील्ड यांना इंडियानाला देऊन डोमांटास सबोनिसला आणलं. २०१९मध्ये मुंबईला आलेल्या पेसर्सच्या संघात सबोनिस होता आणि किंग्जच्या संघात हील्ड.

सॅक्रामेंटोत तेव्हा संताप उसळला होता. पण या ट्रेडला दिशा होती. फॉक्स आणि हॅलिबर्टन दोघेही चेंडू हातात ठेवून खेळणारे. फॉक्सचा वेग आणि सबोनिसचं पासिंग मात्र एकमेकांना पूरक. त्याच उन्हाळ्यात माइक ब्राउन प्रशिक्षक झाले, आणि चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या कीगन मरेने पहिल्याच हंगामात २०६ थ्री-पॉइंटर मारून नवोदितांचा तोपर्यंतचा विक्रम मोडला. २०२२-२३मध्ये किंग्जनी ४८ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात तिसरा क्रमांक मिळवला. ब्राउन एकमताने सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडला जाई, आणि अख्खं शहर त्याची वाट पाही. सॅक्रामेंटोत हिवाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ झालेले असतात, त्यामुळे इथल्या चाहत्यांनाही हे सामने कामावर निघता निघता पाहता आले.

बादफेरीत गाठ पडली वॉरियर्सशी. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, आणि ३० एप्रिल २०२३ रोजी सॅक्रामेंटोच्याच मैदानावर स्टीफन करीने ५० गुण करून ती संपवली. किंग्जच्या २००९च्या निवडीवरचा सर्वांत कठोर अभिप्राय याहून वेगळा असू शकत नाही.

हॅलिबर्टनने २०२५मध्ये इंडियानाला अंतिम फेरीत नेलं. म्हणून किंग्जची ट्रेड चुकली, असं मी मानत नाही. दोन्ही संघांना हवं ते मिळालं होतं. फरक पुन्हा त्यानंतरच्या वागण्यात आहे. इंडियानाने त्याच्याभोवती तीन वर्षं शांतपणे संघ रचला. सॅक्रामेंटोत डिसेंबर २०२४मध्ये ब्राउन यांना काढलं, फेब्रुवारी २०२५मध्ये फॉक्स सॅन अँटोनिओला गेला, आणि त्या वसंतात मॅकनेअरही पायउतार झाले. दुष्काळ मोडणाऱ्या चौकटीतले तीन खांब पाच महिन्यांत निघाले.

ओक्लाहोमाकडून काय घ्यावं

२०२५चं विजेतेपद ज्या ओक्लाहोमा सिटीने पेसर्सना हरवून मिळवलं, ते शहर सॅक्रामेंटोसारखंच मध्यम आकाराचं. समुद्रकिनारा नाही, झगमगाट नाही, मोठे खेळाडू आपणहून येत नाहीत. २०१९मध्ये त्यांनी पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सना देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर हा वीस वर्षांचा मुलगा आणि पहिल्या फेरीचे पाच हक्क घेतले. त्यातल्याच एका हक्कावर २०२२मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला. मधली दोन वर्षं संघ खूप हरला. पण व्यवस्थापक सॅम प्रेस्टी २००७पासून तेच होते, आणि हरण्याच्या वर्षांतही शिकवण्याची पद्धत बदलली नाही. म्हणजे लहान शहराला हे जमत नाही, ही सबब टिकत नाही.

नियम हरणाऱ्याला आधी निवडू देतो, तेवढंच त्याच्या हातात आहे. निवडलेल्या मुलाला कोण शिकवणार, किती वर्षं शिकवणार, त्याच्या चुका कोण पोटात घालणार, हे संघाने ठरवायचं असतं. किंग्जनी गमावलं ते तिथे. फॉक्सच्या बदल्यात त्यांना सॅन अँटोनिओचा २०२७चा आणि मिनेसोटाचा २०३१चा पहिल्या फेरीचा हक्क मिळाला. २०३१मध्ये ज्याचं नाव पुकारलं जाईल, तो मुलगा आज शाळेत आहे. घाईच्या एखाद्या दिवशी तो हक्क देऊन टाकण्याचा मोह मालकांना आणि व्यवस्थापकांना पुन्हा होईल. त्यांनी तो आवरावा, आणि तो मुलगा आल्यावर त्याला निदान चार वर्षं एकच प्रशिक्षक द्यावा. एका मुंबईकराच्या संघाकडून मुंबईच्या चाहत्याने एवढी अपेक्षा जरूर ठेवावी.